लाउंजसाठी नाही, भिवंडीसाठी लवकर निघा

विचारलेला प्रश्न थोडक्यात असा: "मी नाशिकरोडच्या प्रेसमधून निवृत्त झालो. मुलाने न्यूयॉर्कला बोलावलंय आणि हट्टाने आम्हा दोघांची बिझनेस क्लासची तिकिटं काढली आहेत. मुंबईहून दोहामार्गे, पहाटे सव्वाचारचं विमान, दोह्याला साडेचार तास थांबायचं. माझी मेहुणीही त्याच विमानाने येतेय, तिचं तिकीट साधं आहे. मुलगा म्हणतो, लाउंजचा पुरेपूर फायदा घ्या, दुपारीच निघा. बायको म्हणते, तिथे आपल्याला कोण ओळखतं, उगाच शोभा व्हायची, डबा घेऊन बाहेरच बसू. तिचे गुडघे दुखतात म्हणून व्हीलचेअर सांगून ठेवली आहे. तर निघावं किती वाजता, आत काय काय फुकट असतं आणि मेहुणीला नेता येईल का?"

काका, नमस्कार. मी नाशिकच्या कॅनडा कॉर्नरजवळच्या दोन खोल्यांच्या ऑफिसात बावीस वर्षं विमानाची तिकिटं काढतेय. माझ्याकडे येणारी माणसं साधारण तीन प्रकारची. फेब्रुवारीत बर्लिनच्या फ्रूट लॉजिस्टिका प्रदर्शनाला जाणारे पिंपळगाव-दिंडोरीकडचे द्राक्षवाले, सातपूर-अंबडच्या कारखान्यांतून जर्मनीला मशीन बघायला जाणारे इंजिनिअर, आणि तुमच्यासारखे आईबाप. पहिले दोघे लाउंजबद्दल मला काही विचारत नाहीत. आईबाप मात्र तिकीट हातात पडलं की खुर्ची थोडी पुढे ओढतात आणि आवाज खाली आणून विचारतात, "ते लाउंज म्हणजे नक्की काय हो?"

तुम्ही तीन गोष्टी विचारल्यात, पण मला त्यांच्या मुळाशी एकच दिसते. तुमच्या हातात रिकामा वेळ किती असणार आहे आणि तो कुठे असणार आहे? लाउंज म्हणजे थांबायची जागा. बरी खुर्ची, जेवण, चहा-कॉफी, स्वच्छ संडास-बाथरूम, मोबाइल चार्ज करायची सोय आणि बाहेरच्यापेक्षा कमी गोंगाट. थांबायचंच नसेल तर त्याची किंमत शून्य. अंधेरीचा माणूस विमानाच्या तीन तास आधी घरातून निघतो, सगळे सोपस्कार उरकून आत पोचतो तेव्हा त्याच्याकडे पाऊण तास असतो. त्यात तो एक कॉफी पितो आणि उठतो. आपलं नाशिककरांचं तसं नाही. आपण रस्त्याच्या भीतीने दोन तास पदरचे जादा घेऊन निघतो आणि दहापैकी आठ वेळा ते खर्चच होत नाहीत. ते वाचलेले दोन तास बाकावर बसून काढायचे की सोफ्यावर, एवढाच लाउंजचा प्रश्न. म्हणून मी म्हणते, लाउंजची खरी किंमत मुंबईकरापेक्षा नाशिककराला जास्त आहे. पण लाउंज मिळतंय म्हणून घर लवकर सोडणं म्हणजे स्टँडवरच्या कँटीनसाठी एसटीच्या आधी दोन तास जाऊन बसण्यातला प्रकार.

दुपारी निघू नका, हे तर आधीच सांगते. कारण मुलाला ठाऊक नसेल किंवा तो विसरला असेल: लाउंज काउंटरच्या पलीकडे असतं. आधी विमान कंपनीच्या काउंटरवर बॅगा द्यायच्या, बोर्डिंग पास घ्यायचा, मग इमिग्रेशन, मग सुरक्षा तपासणी आणि त्यानंतर लाउंज. आंतरराष्ट्रीय विमानाचं काउंटर साधारण तीन तास आधी उघडतं, काही कंपन्या त्याहून थोडं आधी उघडतात. तुमच्या विमानाचं रात्री एकच्या आसपास धरा. तुम्ही दुपारी चारला निघून रात्री आठला टर्मिनल दोनला पोचलात, तर पाच तास बॅगांची राखण करत लोखंडी खुर्च्यांवर बसावं लागेल. बिझनेस क्लासचं तिकीट खिशात असूनही. माझ्याकडचं एक जोडपं असंच बसलं होतं. त्यातल्या बाईंनी नंतर मला ऐकवलं ते इथे लिहीत नाही.

आता रस्ता. पूर्वी मी सगळ्यांना सांगायचे, कसारा घाट उतरलात की अर्धी चिंता मिटली. एका जुलैत मी स्वतः घाटात उलटलेल्या कंटेनरच्या मागे अडीच तास अडकले होते. सोबत बर्लिनला जाणारे दोन ग्राहक, आणि मी मिनिटागणिक त्यांना "होईल, होईल" म्हणतेय. ५ जून २०२५ ला समृद्धी महामार्गाचा इगतपुरी ते आमणे हा शेवटचा ७६ किलोमीटरचा टप्पा सुरू झाला. इगतपुरीजवळ समृद्धीवर चढलात की सुमारे आठ किलोमीटरच्या बोगद्यातून घाटाखालून बाहेर पडता. टोल जादा लागतो, पण रात्रीच्या वेळी, पावसाळ्यात आणि ज्येष्ठ मंडळी सोबत असताना तो मी डोळे झाकून भरायला लावते. घाट गेला म्हणून रस्त्याची भीती मात्र गेलेली नाही, ती पुढे सरकली आहे. आमणेला उतरल्यावर तुम्ही भिवंडीच्या तोंडाशी येता, आणि वडपे ते ठाण्यातलं माजिवडा हा पट्टा कधी वीस मिनिटांत जातो, कधी दीड तास घेतो. त्यात दिवसा ठाण्यात अवजड गाड्यांना बंदी असते आणि रात्री त्या सुटतात, म्हणजे नेमक्या तुमच्या वेळेला. नाशिकचा माणूस आता विमान चुकवतो ते भिवंडीत.

म्हणून तुमचं गणित असं मांडा. शांत रात्री नाशिकच्या द्वारका चौकापासून टर्मिनल दोनपर्यंत तीन ते साडेतीन तास. त्यावर दीड तास भिवंडीच्या नावाने. रात्री आठला घरी नेहमीसारखं जेवून घ्या आणि नऊला गाडी काढा. रस्ता मोकळा मिळाला तर साडेबाराला पोचाल, काउंटर उघडायच्या थोडं आधी. बिझनेस क्लासची रांग वेगळी असते, तिथे वेळ जात नाही. रस्त्याने छळलं तरी दोनला पोचाल आणि विमानाला सव्वादोन तास शिल्लक असतील. काउंटर विमानाच्या एक तास आधी बंद होतं, म्हणजे सव्वातीनला. ते कुणासाठी थांबत नाही, बिझनेस क्लाससाठीही नाही. गणपतीच्या दिवसांत, लागून आलेल्या सुट्ट्यांच्या आधल्या रात्री किंवा धो धो पावसात हे सगळं एक तास अलीकडे ओढा.

(काही जण विचारतात, नाशिकच्या ओझर विमानतळावरून दिल्ली, बंगळुरू किंवा हैदराबादला उडून तिथून परदेशी गेलं तर? एकाच तिकिटावर जमत असेल तर जरूर विचार करा. दोन वेगळी तिकिटं असतील तर मध्ये बॅगा काढून पुन्हा द्याव्या लागतात आणि पहिलं विमान उशिरा आलं तर दुसरी कंपनी जबाबदारी घेत नाही. तुमचं तिकीट मुंबईचंच आहे, तेव्हा हे सोडून देऊ.)

निघण्याआधी एक काम आजच करा. मुलाला तिकिटाची पूर्ण प्रत पाठवायला सांगा आणि भाड्याचा प्रकार वाचा. बिझनेस क्लासची सीट म्हणजे लाउंज आलंच, असं आता राहिलेलं नाही. कतार एअरवेजच्या 'बिझनेस लाइट' नावाच्या भाड्यात लाउंज धरलेलं नसतं, आणि एमिरेट्सनेही बिझनेस क्लासचं असंच एक स्वस्त 'स्पेशल' भाडं आणलं. सीट तीच, जेवण तेच, पण लाउंज वगळलेलं. मुलांनी घाईत स्वस्त दिसलं म्हणून तेच घेतलेलं असतं आणि आईवडिलांना लाउंजच्या दारात कळतं. वहिनींना ज्या शोभा होण्याची भीती वाटते ती झालीच तर अशी होते, कपड्यांमुळे किंवा इंग्रजीमुळे नाही. तिकिटात लाउंज नसेल तर पैसे भरून जोडता येतं का ते आत्ताच विचारा, ऐन वेळी दारात नको.

वहिनींच्या संकोचाबद्दल थोडं जास्त लिहिते, कारण तो खरा असतो. पहिलं लाउंज अमेरिकन एअरलाइन्सने १९३९ साली न्यूयॉर्कच्याच लाग्वार्डिया विमानतळावर काढलं, आणि तिथे खरोखरच ओळखीच्या, बोलावलेल्या बड्या मंडळींनाच घेत. नंतर पैसे भरून सभासद होता येऊ लागलं. आज दारातली मुलगी तुमच्याकडे बघतसुद्धा नाही, बोर्डिंग पासवरचा कोड बघते. तो यंत्रावर लावला, दिवा हिरवा झाला, की आत या. तुमच्या मुलाने मोजलेल्या पैशांत त्या खुर्चीचं भाडंही आहे. नऊवारी, पायात चपला, हातात कापडी पिशवी, सगळं चालतं. पाय सोफ्यावर घेऊन बसायचं असेल तर चप्पल काढा, एवढंच. खरी लाज आणतात ते मोबाइलचा स्पीकर लावून नातवाशी व्हिडिओ कॉल करणारे. त्यांत आपल्याइतकेच गोरेही असतात.

मुंबईत बहुतेक परदेशी कंपन्यांचं स्वतःचं लाउंज नसतं. त्या आपल्या प्रवाशांना विमानतळाच्या सामाईक लाउंजमध्ये पाठवतात. काउंटरवर बोर्डिंग पास देताना नाव आणि मजला सांगतात, कधी कागदाची चिठ्ठी देतात. ती चिठ्ठी पासपोर्टमध्ये ठेवा. रात्री एक ते तीन ही मुंबईहून परदेशी विमानं सुटण्याची गर्दीची वेळ, त्यामुळे हे लाउंज त्या वेळी भरलेलं असतं. मुलाने इंटरनेटवर पाहिलेले फोटो दुपारी काढलेले असतात. रिकामा सोफा मिळाला नाही म्हणून खट्टू होऊ नका, डायनिंग टेबलाची खुर्ची पकडा.

आत काय फुकट? बुफे, चहा, कॉफी, सरबतं, पाणी, वर्तमानपत्रं, वायफाय. दारूही बहुतेक ठिकाणी असते, काही भारी बाटल्यांना पैसे पडतात, ते विचारून घ्या. तुमचा प्रश्न बहुधा दारूचा नाही, पण लिहिते, कारण फुकट ते पौष्टिक म्हणून पहिल्यांदा जाणारी भली भली माणसं तिथे चुकतात. प्यायलेल्या माणसाला विमानात घ्यायचं नाही असं कंपनी ठरवू शकते. मसाज, झोपायची खोली असं काही असेल तर त्याचे बहुतेक वेळा वेगळे पैसे.

खाण्याबाबत माझा सल्ला मुलाच्या सल्ल्याच्या उलट आहे. मुंबईच्या लाउंजमध्ये पोटभर जेवू नका. तुम्ही आठला जेवला आहात. रात्री दोनला समोर बिर्याणी, पास्ता आणि तीन प्रकारचे केक दिसले म्हणून पोट रिकामं होत नाही. विमान कितीही उंच उडो, आतल्या हवेचा दाब सहा ते आठ हजार फूट उंचीवर असावा तेवढाच ठेवलेला असतो. कळसूबाईचा माथा साधारण ५४०० फुटांवर आहे. म्हणजे तुम्ही जेवून थेट कळसूबाईच्याही वर जाऊन बसता. दाब कमी झाला की पोटातला वायू फुगतो. निघताना मिसळ किंवा राजमा खाल्लेला माणूस दोह्यापर्यंत पट्टा सैल करत असतो. त्यात हवा इतकी कोरडी असते की ओठ फुटतात. म्हणून मुंबईत एक वाटी सूप किंवा दहीभात, एखादं केळं आणि भरपूर पाणी. चहा एकच. विमानात चढल्यावर एअर होस्टेसला आधीच सांगा, "न्याहारीला उठवू नका." सीट आडवी होते. मुंबई-दोहा जेमतेम चार तासांचं अंतर, त्यातले अडीच तास झोप लागली तरी दुसऱ्या दिवशीचा माणूस वेगळा असतो.

शाकाहारी असाल तर लाउंजमध्ये हिरवा ठिपका बघा आणि केकला हात लावण्याआधी अंडं विचारा. उपवास आला असेल तर फळं, दूध, दही मिळतं. साबुदाण्याची अपेक्षा ठेवू नका. विमानातलं जेवण वेगळी गोष्ट आहे, ते किमान एक दिवस आधी कंपनीला कळवून शाकाहारी किंवा जैन म्हणून नोंदवून ठेवायचं. बिझनेस क्लासमध्येही.

डब्याचं म्हणाल तर वहिनींचं मन मोडू नका. कोरडा डबा हातातल्या पिशवीत चालतो. पुरी, चिवडा, लाडू. चटणी, लोणचं, तूप, ठेचा, पातळ भाजी असलं काही शंभर मिलिलिटरहून मोठ्या डब्यात हाती ठेवू नका, सुरक्षा तपासणीत काढून ठेवतील. बाहेरचं आत बसून खाणं लाउंजमध्ये बरं दिसत नाही, तेव्हा पुरी-भाजी गाडीतच संपवा, भिवंडीत वेळ मिळेलच. आणि उलट दिशेचा नियम जास्त कडक: लाउंजमधून डबे भरून न्यायचे नाहीत. एखादं सफरचंद पिशवीत टाकावंसं वाटतं, माहितीये मला. विमानात खाऊन संपवा. अमेरिकेत उतरताना ते पिशवीत राहिलं आणि फॉर्मवर किंवा विचारल्यावर सांगितलं नाहीत, तर पहिल्या वेळीसुद्धा १००० डॉलरपर्यंत दंड होऊ शकतो. फुकटचं सफरचंद लाखाच्या घरात जाईल.

मेहुणींचं उत्तर कडू आहे. बिझनेस क्लासच्या तिकिटावर साधारणपणे ज्याचं तिकीट त्यालाच प्रवेश, पाहुणा नेता येत नाही. पाहुणा नेण्याची सोय असते ती वारंवार उडणाऱ्यांना कंपन्या जे कार्ड देतात त्यावर. उदाहरणार्थ स्टार अलायन्स या विमान कंपन्यांच्या गटाचं गोल्ड कार्ड असेल तर त्याच गटाच्या विमानाने जाणारा एक सोबती नेता येतो, पण तिथेही नुसतं बिझनेसचं तिकीट असेल तर सोबती नाही. लोकांचा इथेच गोंधळ होतो. कुणाच्या तरी भाच्याने कार्डावर मामाला नेलेलं असतं आणि घरभर समज होतो की बिझनेसवाल्याबरोबर एक जण फुकट.

तरी मार्ग आहेत. मेहुणींकडे किंवा त्यांच्या नावाच्या जोडकार्डावर लाउंजची सोय असलेलं क्रेडिट किंवा डेबिट कार्ड आहे का बघा. हल्ली बऱ्याच बँकांनी आधीच्या तिमाहीत अमुक इतका खर्च केला असेल तरच, अशी अट घातली आहे, आणि पुष्कळ कार्डं फक्त देशांतर्गत लाउंजला चालतात, परदेशी जाताना लागणाऱ्या लाउंजला नाही. दोन्ही गोष्टी बँकेला फोन करून विचारा. कार्डावर दोन रुपये किंवा पंचवीस रुपये कापले जातात ती तपासणी असते, घाबरू नका. कार्ड नसेल तर पैसे भरून आत जाता येतं का हे दारात विचारायचं, गर्दीच्या वेळी नाही म्हणतात. कार्डवाल्या आणि पैसेवाल्या पाहुण्यांना बहुधा दोन-तीन तासांची मर्यादा असते, तुमच्या तिकिटाला ती सहसा लागत नाही.

हे काहीच जमलं नाही तर? मी माझ्या घरच्यांना सांगेन ते सांगते. मुंबईत तुम्ही तिघंही बाहेर बसा. रात्री दोनला गर्दीच्या लाउंजमध्ये दीड तास बसण्यासाठी बाईमाणसाला एकटीला बाहेर ठेवण्यात अर्थ नाही. वहिनींची डबा घेऊन बाहेर बसायची हौसही भागेल. तुमचं खरं लाउंज दोह्याला आहे.

साडेचार तासांच्या मुक्कामात तिथेही मेहुणींचा प्रश्न राहतोच, पण पैसे भरून जायची दुसरी लाउंजं तिथे आहेत आणि दिवस उजाडलेला असतो. कतार एअरवेजचं बिझनेस क्लासचं लाउंज अल मुर्जान नावाचं. मुर्जान म्हणजे पोवळं. दहा हजार चौरस मीटर जागा, मधोमध पाण्याचं कुंड, वर जायला गोल जिना, वरच्या मजल्यावर जेवणाची व्यवस्था. विमानतळाच्या मधल्या चौकात सात मीटर उंचीचं पिवळं अस्वल डोक्यात दिवा खुपसून बसलंय, त्याच्या आसपासच वर जायचा रस्ता. हरवलात तर अस्वल विचारा, सगळे दाखवतात. २०२३ मध्ये उत्तरेकडच्या भागात अल मुर्जानचंच दुसरं लाउंज निघालं, काचेच्या छताखालच्या झाडांच्या बागेवर बघणारं. तुमचं न्यूयॉर्कचं विमान कोणत्या बाजूच्या दारातून सुटतं ते बोर्डावर बघून जवळचं निवडा. वहिनींच्या गुडघ्यांसाठी हे सोफ्यापेक्षा महत्त्वाचं आहे.

दोह्याचं घड्याळ आपल्यामागे अडीच तास. तुम्ही उतराल तेव्हा तिथे पहाटेचे साडेपाच-सहा. आत शिरल्या शिरल्या, खुर्ची शोधण्याआधी, अंघोळीसाठी नाव द्या. पहाटे सगळीकडची विमानं येतात, रांग लागते, टॉवेल-साबण तेच देतात. एक सुती कपड्यांचा जोड हातातल्या पिशवीत ठेवा. रात्रभराच्या प्रवासानंतर अंघोळ करून ताज्या कपड्यांत चहा घेतला की वहिनी मुलाला आपणहून फोन करतील, हे मी पैज लावून सांगते. मग सावकाश नाश्ता. इथे मात्र मुलाचं ऐका. पुढे चौदा तासांच्या आसपास प्रवास आहे, तिथे शांतपणे बसून खायला आणि चालायला मिळतंय तेवढं घ्या. अर्ध्या तासाने उठून एक फेरी मारा. रोजच्या गोळ्या भारतीय वेळेने घ्यायच्या की कशा, हे डॉक्टरांना नाशिकमध्येच विचारून कागदावर लिहून ठेवा. औषधं बॅगेत टाकून देऊ नका, हातात ठेवा.

व्हीलचेअरवाल्यांची एक अडचण लाउंजबद्दल लिहिणारे लिहीत नाहीत. व्हीलचेअर ढकलणारा मुलगा तुमचा नसतो, तो एका माणसाला सोडून दुसऱ्याकडे जातो. काही विमानतळांवर सगळ्या व्हीलचेअर एका ठिकाणी लावून ठेवतात आणि विमानाच्या वेळी नेतात. तुम्ही काही बोलला नाहीत तर वहिनी तिथेच तीन तास. उतरल्या उतरल्या बोर्डिंग पास दाखवून लाउंजचं नाव स्पष्ट सांगा. तिथे पोचल्यावर रिसेप्शनवरच्या बाईकडून परत न्यायला कोण येणार, किती वाजता, हे वहीत लिहून घ्यायला लावा. मग दिलेल्या वेळेच्या दहा मिनिटं आधी स्वतः जाऊन विचारा. सौजन्य ठेवा, पण विसंबून राहू नका.

याच्याशीच जोडलेली आणि सर्वांत महागात पडणारी चूक म्हणजे पुकाऱ्याची वाट बघणं. मुंबई विमानतळ २०१५ पासून 'सायलेंट एअरपोर्ट' आहे. तिथे विमान सुटायचा नेहमीचा पुकारा होत नाही, बोर्डावर बघायचं. माझे एक द्राक्षवाले ग्राहक, नऊ वेळा युरोपला जाऊन आलेले, लाउंजच्या आरामखुर्चीत निवांत डोळे मिटून पडले. त्यांच्या मनात रेल्वे स्टेशन होतं, नाव घेऊन कुणी बोलावेल अशी खात्री. जाग आली ती शेजारच्याच्या मोबाइलच्या गजराने. धावत गेले, दार बंद व्हायला दोन मिनिटं होती. तेव्हापासून मी सगळ्यांना मोबाइलवर दोन गजर लावून देते: एक विमानाच्या सव्वा तास आधीचा, एक पाऊण तास आधीचा. पहिल्या गजराला बोर्ड बघायचा आणि बाथरूमला जाऊन यायचं. दुसऱ्याला उठून चालू लागायचं. टर्मिनल दोनमध्ये लाउंजपासून लांबच्या दारापर्यंत सहज दहा-पंधरा मिनिटं चालावं लागतं, आणि दार विमानाच्या वीस-पंचवीस मिनिटं आधी मिटतं. दोह्याला गजर बदलून घ्या, कारण घड्याळ बदललेलं असतं आणि अमेरिकेच्या विमानाला दारापाशी आणखी एक तपासणी असते. तिथे मी दीड तास आधीच लाउंज सोडायला सांगते. लाउंजमधून भरून घेतलेली पाण्याची बाटली त्या तपासणीत कधी कधी काढून घेतात, तेव्हा आधीच पिऊन टाका.

तुम्ही तिघं वेगवेगळ्या जागी बसणार असाल तर मेहुणींशी भेटायची जागा आधी ठरवा, आणि तिघांचे पासपोर्ट एकाच पिशवीत ठेवू नका. आमच्या धंद्यात ही पिशवी नेहमी लाउंजच्या आत असते आणि पासपोर्ट हवा असलेला माणूस बाहेर.

परतीच्या दिवसाचं आत्ताच सांगून ठेवते, कारण मुलं ते सांगायला विसरतात. न्यूयॉर्कहून निघताना आणि दोह्याला लाउंज मिळेल, पण मुंबईत उतरल्यावर नाही. हे लाउंज जाणाऱ्यांसाठी असतं, येणाऱ्यांसाठी नसतं. विमान पहाटे उतरलं तर ड्रायव्हरला रात्रभर जागवून बोलावू नका. त्याला मध्यरात्री मुंबईत पोचून पार्किंगमध्ये तीन-चार तास झोपू द्या, आणि तो झोपला होता का हे गाडीत बसण्याआधी त्याला विचारा. सकाळी सहाच्या आधी ठाणं ओलांडलंत तर भिवंडी बरी मिळते. पुढे मात्र समृद्धीने येणार असाल तर चहा आमणेच्या आधीच घ्या, कारण वहिनींना अमेरिकेहून आल्यावर पहिला टपरीचा चहा लागणार, आणि तो बोगद्यात मिळत नाही.